हरणासाठी सक्तीची, माणसासाठी निषिद्ध : पसरणाऱ्या गोळीचा इतिहास

२९ जुलै १८९९ रोजी हेग येथील पहिल्या शांतता परिषदेत एक छोटा जाहीरनामा तयार झाला. माणसाच्या शरीरात शिरल्यावर सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरणार नाही, असे सही करणाऱ्या राष्ट्रांनी त्यात मान्य केले. पुढे चौसष्ट वर्षांनी, १९६३ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने इंग्लंड व वेल्ससाठी हरणांविषयीचा कायदा संमत केला. हरणावर रायफल चालवायची तर गोळी मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाची, म्हणजे शरीरात पसरणारीच असली पाहिजे, अशी अट त्यात होती. जी गोळी माणसावर झाडणे निषिद्ध, तीच हरणावर झाडणे सक्तीचे. ही विसंगती वरवरची आहे की खरी, हे पाहण्यासाठी स्कॉटलंडच्या डोंगरांतून कलकत्त्याजवळच्या दमदमपर्यंत आणि तेथून पुन्हा स्कॉटलंडपर्यंतचा मार्ग तपासावा लागतो.

डोंगरातील शिकार आणि ‘एक्स्प्रेस’ गोळी

हरणाची ब्रिटिश पद्धतीची शिकार, ज्याला ‘स्टॉकिंग’ म्हणतात, ती आपल्याकडील हाक्याच्या शिकारीहून वेगळी. तीत जनावर शिकाऱ्याकडे हाकून आणले जात नाही. शिकारीच वाऱ्याची दिशा सांभाळत, ओल्या माळावरून पोटावर सरपटत, तासन् तास जनावराच्या दिशेने जातो आणि अखेर एक गोळी झाडण्याची संधी मिळवतो. विल्यम स्क्रोप यांच्या १८३८ च्या ग्रंथाने या छंदाला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स अल्बर्ट यांनी बालमोरलची जागा भाड्याने घेतली, १८५२ मध्ये ती विकत घेतली, आणि मग हा छंद श्रीमंतांची रीतच होऊन बसला. ज्या डोंगरांतून मेंढपाळीसाठी कुळांना हुसकावले गेले होते, त्यांतील बरीच जमीन पुढे हरणांसाठी राखली गेली, हेही या ठिकाणी विसरून चालत नाही.

स्क्रोपच्या काळी तोंडाकडून दारू भरायच्या बंदुका होत्या. गोळी शुद्ध शिशाची, गोल आणि जड; वेग कमी. जखमी सांबरशिंगा मैलोन् मैल पळे आणि त्याला गाठण्यासाठी मोठे शिकारी कुत्रे सोडावे लागत. ही अडचण दूर करण्याचा मार्ग लंडनच्या बंदूककारांनी शोधला. १८५६ मध्ये जेम्स पर्डी यांनी आपल्या नव्या रायफलीला ‘एक्स्प्रेस ट्रेन’ हे नाव दिले. कल्पना साधी होती : गोळी हलकी करायची, दारू वाढवायची, म्हणजे वेग वाढतो आणि गोळी अधिक सरळ रेषेत जाते. पुढे .४५० व .५०० इंच व्यासाच्या एक्स्प्रेस रायफली आल्या. त्यांच्या गोळ्यांच्या टोकाला पोकळी ठेवलेली असे, जेणेकरून जनावराच्या अंगात शिरताच शिसे फुलासारखे उमलावे. पसरणारी गोळी ही दमदमच्या कारखान्याने लावलेला शोध नव्हे. ती शिकाऱ्यांची जुनी युक्ती होती, आणि हा मुद्दा पुढे हेगमध्ये फार महत्त्वाचा ठरला.

दमदम

१८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली आणि तिच्याबरोबर .३०३ इंचाचे काडतूस आले. १८९० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच काळ्या दारूची जागा बिनधुराच्या कॉर्डाइटने घेतली. गोळी २१५ ग्रेनची होती. ‘ग्रेन’ हे माप आपल्या सराफांच्या जुन्या मापाशी जुळलेले आहे. १८३३ च्या नियमाने एक तोळा म्हणजे १८० ग्रेन ठरला, तेव्हा ही गोळी जेमतेम सव्वा तोळ्याची. त्याआधीच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची शिशाची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे पावणेतीन तोळ्यांच्या जवळपास होती. नवी गोळी वेगवान होती, पण कॉर्डाइटच्या वेगात शिसे नळीत टिकत नाही. म्हणून तिच्यावर तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे कवच चढवले होते. कवच असलेली गोळी पसरत नाही. ती आरपार निघून जाते.

१८९५ च्या चित्रळ मोहिमेत याच गोष्टीविषयी तक्रारी झाल्या. गोळी लागूनही समोरचा पठाण थांबत नाही, असे अधिकारी सांगू लागले. कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रागाराचे अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी त्यावर उपाय काढला. गोळीच्या टोकावरचे कवच थोडे मागे घेऊन आतले शिसे उघडे ठेवले. गोळी तीच, बंदूक तीच. फरक फक्त टोकाचा. एक्स्प्रेस रायफलीच्या शिकाऱ्याला हे तंत्र पाहताच ओळखू आले असते.

दमदम हे नाव हिंदी इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एका कारणाने परिचित आहे. जानेवारी १८५७ मध्ये एनफिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांची वार्ता शिपायांत प्रथम पसरली ती येथील प्रशिक्षण केंद्रातूनच. गाईच्या आणि डुकराच्या चरबीचा तो प्रश्न हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही श्रद्धेला भिडला. चाळीस वर्षांच्या आत एकाच गावाने काडतुसाच्या इतिहासात दोनदा स्थान मिळवावे, हा योगायोग खरा. तथापि दोन्ही वेळा काडतुसाचा निर्णय घेणारे आणि त्याचे परिणाम भोगणारे वेगवेगळे होते, हा मात्र योगायोग नाही.

दमदमची गोळी १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत आफ्रिदींविरुद्ध वापरली गेली. तरुण चर्चिल यांनी मलाकंद मोहिमेवरील आपल्या १८९८ च्या पुस्तकात तिच्या परिणामकारकतेची वाखाणणी केली आहे. त्याच सुमारास वूलिच येथे पोकळ टोकाची ‘मार्क ४’ गोळी तयार झाली आणि २ सप्टेंबर १८९८ रोजी ओम्दुर्मानच्या रणांगणावर सुदानच्या महदी अनुयायांविरुद्ध ती झाडली गेली. त्या दिवशी एका सकाळीत सुमारे दहा हजार सुदानी मारले गेले. त्यांत मॅक्सिम तोफा व तोफखान्याचा वाटा मोठा होता. सारे श्रेय किंवा सारा दोष गोळीच्या टोकाला देणे इतिहासाला धरून होणार नाही.

हेगमधील वाद : कोणती गोळी तपासली?

१८९८ मध्ये ट्यूबिंगेनचे शल्यचिकित्सक पाउल फॉन ब्रुन्स यांनी मऊ टोकाच्या गोळ्यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. जवळून झाडल्यावर होणाऱ्या जखमा भयंकर होत्या आणि युरोपभर खळबळ उडाली. ब्रिटिशांनी आक्षेप घेतला, आणि तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरही होता. ब्रुन्स यांनी खऱ्या दमदम गोळ्या वापरल्या नव्हत्या. त्यांनी वापरल्या त्या मॉझर रायफलीच्या, शिकारीसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्या, ज्यांचे बरेच अधिक शिसे उघडे असते. ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी स्वतंत्र प्रयोग करून हा फरक ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. म्हणजे हेगला ज्या जखमांचे वर्णन गाजले, त्या जखमा हरणाच्या गोळीच्या होत्या.

परंतु ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन अर्डाघ तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांचा मुख्य युक्तिवाद निराळाच होता. सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की मागे हटतो, लढाई त्याच्यापुरती संपते. ‘रानटी’ माणूस मात्र दोन-तीन गोळ्या लागूनही पुढे येत राहतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी, असा त्याचा आशय. ब्रिटन आणि अमेरिका यांनी जाहीरनाम्याला विरोध केला.

या युक्तिवादाचे खरे स्वरूप समजण्यासाठी १८६८ चा सेंट पीटर्सबर्गचा जाहीरनामा पाहावा लागतो, कारण हेगचा जाहीरनामा त्याच्याच तत्त्वावर उभा होता. त्याचे तत्त्व असे की, युद्धात शत्रूचे अधिकाधिक सैनिक लढण्यास असमर्थ करणे पुरेसे आहे. त्यापलीकडच्या यातना निरर्थक आहेत. जखमी सैनिक रणांगणाबाहेर जातो, त्याला वैद्य मिळतो, तो पुढे जगू शकतो. शिकारीत हे सारे उलटे असते. जखमी होऊन निसटलेल्या हरणाला वैद्य नसतो. ते झुडपात जाऊन दिवसच्या दिवस कुजत मरते. तेथे दया म्हणजे तत्काळ मृत्यू. एकाच तत्त्वातून, यातना कमी करण्याच्या तत्त्वातून, दोन परस्परविरुद्ध नियम निघतात, आणि या अर्थाने १८९९ चा जाहीरनामा व १९६३ चा कायदा यांच्यात विसंगती नाही. विसंगती आहे ती अर्डाघ यांच्या भूमिकेत. काही माणसांना सैनिकाचा नियम लागू करायचा आणि काहींना शिकारीचा, असे त्यांचे म्हणणे होते. शिकारीच्या गोळीचे समर्थन शिकारीच्याच तर्काने, पण माणसाबाबत, जागतिक परिषदेत उघडपणे केले गेले. वसाहतवादी मानसिकतेचा याहून नेमका दाखला क्वचितच सापडेल.

जाहीरनाम्यातील कलमेही अपुरी होती. सही करणाऱ्या राष्ट्रांमधील युद्धापुरतेच ते बंधन होते. आफ्रिदी किंवा सुदानी यांना त्याचे संरक्षण मुळातच नव्हते. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअरांशी, म्हणजे गोऱ्यांशी, युद्ध सुरू झाले तेव्हा मात्र ब्रिटिशांनी पोकळ टोकाच्या गोळ्या मागे घेऊन कवचबद्ध ‘मार्क २’ गोळीच अधिकृत ठेवली. तापलेल्या नळीत मार्क ४ चे कवच सुटते, ही तांत्रिक तक्रारही त्यामागे होती. पण जनमताचा धाकही होता. ब्रिटनने जाहीरनाम्याला मान्यता दिली ती १९०७ मध्ये.

हिंदुस्थानातील निवड

इकडे स्कॉटलंडमध्ये शिकाऱ्यांनी लष्करी काडतुसांचीच, पण मऊ टोकाच्या गोळ्या लावून, निवड केली. .२५६ मॅनलिकर हे लांब, सडपातळ, १६० ग्रेनच्या आसपासच्या गोळीचे काडतूस अनेकांचे आवडते झाले. धक्का कमी, नेम अचूक. १८९२ चे ७ मिलिमीटर मॉझर काडतूस लंडनच्या रिग्बी कंपनीने .२७५ या नावाने विकले आणि हरणासाठी १४० ग्रेनची वेगवान गोळी दिली. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांकडून भेट मिळाली ती याच बोअरची रिग्बी रायफल.

हिंदुस्थानात मात्र काडतुसाची निवड जनावराकडे पाहून होत नव्हती. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सर्वसामान्य हिंदी माणसाला परवान्यात बांधले होते आणि युरोपियनांना मोकळे ठेवले होते. लष्करी दारूगोळा बंडखोरांच्या हाती जाऊ नये म्हणून १९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफलींच्या आयातीवर बंदी आली. .३०३ लष्कराचे म्हणून नागरिकांना वर्ज्यच होते. बंदूककारांनी लगोलग .४६५, .४७० असे नवे बोअर काढले आणि बाजार चालू ठेवला. हरीण-सांबराच्या शिकारीसाठी ८ मिलिमीटर मॅनलिकरवर आधारलेले .३१५ चे काडतूस रूढ झाले. त्याचा मोठा गुण हा की, ते ब्रिटिश हिंदी सैन्याच्या कोणत्याही बंदुकीत बसत नसे. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्याने .३१५ च्याच रायफली बनवल्या आणि परवानाधारक शेतकऱ्याच्या घरी आजही ती दिसते. वसाहतकाळातील भीतीने ठरवलेली निवड स्वतंत्र देशात टिकून राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने काळवीट-चितळांची हौशी शिकारच संपली, त्यामुळे येथे हा प्रश्न आता इतिहासाचा उरला आहे.

धारदार की बोथट?

गोळी अंगात कशी शिरते, हा प्रश्न ब्रिटिश कायद्याच्या कितीतरी आधी इस्लामी धर्मशास्त्रात चर्चिला गेला होता, याची नोंद या संदर्भात घेणे अप्रस्तुत ठरू नये. अदी इब्न हातिम यांच्याकडून आलेल्या प्रसिद्ध हदीसमध्ये फेकून मारायच्या बोथट बाणाविषयी विचारणा आहे. त्याचे टोक रुतून जनावर मेले तर ते खाण्यास योग्य. आडवा आघात होऊन मेले तर ते ठेचून मेलेले, म्हणून अयोग्य, असे तिचे तात्पर्य. जनावर मारताना सुरी धारदार ठेवावी आणि त्याला कमीत कमी त्रास द्यावा, अशी शिकवण अन्य हदीसमध्ये आहे. बंदूक आल्यावर फकीहांपुढे प्रश्न उभा राहिला : शिशाची गोळी रुतते की ठेचते? दमास्कसचे हनफी विद्वान इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी गोळीला धार नाही, ती जोराच्या आघाताने आणि दाहाने मारते, असे मानून केवळ गोळीने मेलेली शिकार अयोग्य ठरवली. येमेनचे शौकानी (मृत्यू १८३४) आणि उत्तरकालीन मालिकी विद्वान यांनी गोळी शरीर भेदते, रक्त वाहते, म्हणून ती बाणासारखीच, असा कौल दिला. भारतीय उपखंडात हनफी मताचा प्रभाव असल्याने मुसलमान शिकारी बिस्मिल्ला म्हणून गोळी झाडत आणि सुरी घेऊन पडलेल्या जनावराकडे धावत, ते जिवंत असतानाच जबह करता यावे म्हणून.

हे दोन्ही विचार शेजारी ठेवले की एक मनोरंजक गोष्ट दिसते. ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने अंगात चपटी होणारी गोळी दयेची. हनफी तर्काच्या दृष्टीने चपटेपणा हाच मुळी शंकेचा मुद्दा. परंतु दोहोंची काळजी एकच : जनावर तडफडू नये.

दयेचे आकडे

१९६३ च्या कायद्याने ही काळजी आकड्यांत मांडली. नळीचा व्यास किमान .२४० इंच, नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा किमान १,७०० फूट-पाउंड, गोळी मऊ किंवा पोकळ टोकाची. १९९१ च्या कायद्याने हेच आकडे पुढे चालवले आणि ऊर्जा २,३०५ ज्यूल अशीही लिहिली. गणित सोपे आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत घ्यावा. वेगाचा वर्ग करून वजनाने गुणावा आणि ४,५०,२४० ने भागावे. १९५५ साली आलेल्या .२४३ विंचेस्टरची १०० ग्रेनची गोळी सुमारे २,९६० फूट वेगाने निघते. ऊर्जा साधारण १,९४५ येते. म्हणजे ती या मर्यादेच्या थोडी वर बसते.

स्कॉटलंडने १९८५ च्या आदेशात वेगळा मार्ग घेतला. तेथे वजन, वेग आणि ऊर्जा या तिन्हींना किमान मर्यादा होत्या : १०० ग्रेन, २,४५० फूट आणि १,७५० फूट-पाउंड. लहान रो हरणासाठी ५० ग्रेन आणि १,००० फूट-पाउंड पुरे, वेग तोच. शंभर ग्रेन म्हणजे अर्ध्या तोळ्याहून किंचित जास्त शिसे.

या तीन आकड्यांनी जुन्या आवडीनिवडींचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १६० ग्रेनची गोळी घालणारे मॅनलिकर सुमारे २,३०० फुटांच्या आसपास जात असे. ऊर्जेच्या कसोटीवर ते टिकते, पण वेगाच्या कसोटीवर नापास. ज्या डोंगरांत त्याने तीन पिढ्या हरणे पाडली, त्याच डोंगरांत ते आपल्या मूळ रूपात बेकायदा झाले. १९१० च्या लष्करी .३०३ ‘मार्क ७’ गोळीचा वेग २,४४० फूट, म्हणजे मर्यादेला अवघे दहा फूट कमी. अर्थात कवचबद्ध असल्याने ती कोणत्याही परिस्थितीत चाललीच नसती. अनुभवी शिकाऱ्याला यात नोकरशाहीचा हट्ट दिसेल आणि तो अगदीच चुकीचा नाही : गोळी कुठे लागली यावर मृत्यू जितका अवलंबून असतो, तितका शे-दीडशे फुटांच्या वेगावर नसतो. तरीही मर्यादा कुठेतरी आखावी लागते, आणि नेम चुकणाऱ्या सामान्य शिकाऱ्याला समोर ठेवूनच ती आखली जाते.

या रेषाही हलत राहिल्या. चीनमधून आणलेले व इंग्लंडच्या रानांत पसरलेले मुंटजॅक, म्हणजे आपल्या भेकराचा भाऊबंद, आणि चिनी जलहरीण यांच्यासाठी २००७ च्या आदेशाने इंग्लंड व वेल्समध्ये .२२० इंच, ५० ग्रेन आणि १,००० फूट-पाउंड इतकी सूट मिळाली. कुत्र्याएवढ्या जनावराला सांबराचे काडतूस लावण्यात अर्थ नव्हता. स्कॉटलंडने २०२३ मध्ये १०० ग्रेनची मर्यादा ८० वर आणली. त्यामागचे कारण वजनाचे नसून विषाचे आहे. पसरताना शिशाचे बारीक कण मांसात विखुरतात आणि खाणाऱ्याच्या, तसेच आतडी-कोथळा खाणाऱ्या गरुडांच्याही पोटात जातात. तांब्याची गोळी हा त्यावरचा पर्याय. पण तांबे शिशाहून हलके, त्यामुळे त्याच आकाराची गोळी वजनाला कमी भरते आणि .२४३ सारख्या लहान बोअरला जुन्या मर्यादेत बसवणे कठीण जाते. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये शिकारीच्या शिशाच्या दारूगोळ्यावर तीन वर्षांच्या मुदतीने बंदी आणण्याचे जाहीर केले. तांब्याची गोळीही पुढून पोकळच ठेवावी लागते. वेगात शिरताना तिच्या टोकाच्या पाकळ्या उलगडतात, एक्स्प्रेस गोळीच्या काळात उलगडत तशाच.

युद्धाच्या बाजूनेही नियम पुढे सरकला. १९९८ च्या रोम कराराने आंतरराष्ट्रीय युद्धात पसरणाऱ्या गोळ्या वापरणे हा युद्धगुन्हा ठरवला. देशांतर्गत सशस्त्र संघर्ष त्यातून सुटले होते. कम्पाला येथील २०१० च्या दुरुस्तीने, ती स्वीकारणाऱ्या राष्ट्रांपुरते, तेही त्यात आले. तिराहच्या आफ्रिदींना ज्या कारणाने हेगचे संरक्षण नाकारले गेले होते, ती फट कागदावर बुजायला एकशे अकरा वर्षे लागली.